‘नीट चालत नाही’ म्हणजे काय?

दर आठवड्याला या सदरात मी एखादा शब्द हाती घेतो, त्याचे कूळ शोधतो, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करतो आणि जागा संपली की त्याला निरोप देतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांनी ऐसपैस जागा दिली आणि वर बजावले, ‘या खेपेस काही तरी खमंग होऊन जाऊ द्या.’ खमंग म्हटल्यावर शहाण्या लेखकाने चकलीच्या भाजणीवर लिहावे. पण गेले दोन महिने माझ्या नाकात एक निराळाच वास बसला आहे. तो आहे जळक्या तेलाचा. शब्दांची उठाठेव करणाऱ्या माणसाच्या नाकात हा वास कसा शिरला, त्याचीच ही हकिगत.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. पहिल्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी, पण निबंधाची वही वेळेवर देणारी. म्हणाली, “सर, मला दाखला हवा होता. कॉलेज सोडायचं आहे.”

असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘का?’ असे विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. मीही विचारले. तिने जे सांगितले ते असे. तिचे वडील पुण्याबाहेर, नगर रस्त्याच्या बाजूला एका खडी क्रशरवर लोडर चालवतात. लोडर म्हणजे पुढे भले थोरले सूप लावलेले ते चार चाकांचे पिवळे धूड. ढिगातली खडी सुपात भरायची, मागे यायचे, वळायचे, ट्रकमध्ये ओतायची, की पुन्हा ढिगाकडे. आठ दिवसांपूर्वी त्या लोडरचा गिअरबॉक्स बिघडला. वर्कशॉपच्या माणसाने येऊन तेलाचा वास घेतला आणि निकाल दिला, की ऑपरेटरने क्लच जाळला. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून शेठ संतापले. ‘ज्यानं जाळला त्यानं भरावा,’ असे म्हणून त्यांनी पगार अडकवला. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, तो राहिला. तेव्हा आता तिने कुठे तरी दुकानात लागावे असे घरात ठरले होते.

“पण वडील काय म्हणतात?” मी विचारले.

ती जरा ओशाळली. “सर, त्यांची भाषा तशीच आहे. म्हणतात, गाडी दम धरंना. रेस दिली की इंजिन वरडतंय, पण वढ न्हाई. डाव्या पायाचा ब्रेक मारला की घटकाभर असं हुतंय, मग आपसूक येतंय. उजव्या पायानं मारला तर काय न्हाई.”

‘असू दे, असू दे,’ असे मी मोठ्या उदार मनाने म्हणालो. भाषेबद्दल क्षमा करण्याचा अधिकार मराठीच्या प्राध्यापकाला असतोच. दाखल्याचे काम मी दोन दिवस पुढे ढकलले आणि घरी आलो.

आता आमच्या मेहुण्यांविषयी सांगणे भाग आहे. आमच्या सौ.चा हा धाकटा भाऊ. शाळेत असताना याला मराठीत कधी पस्तिसाच्या वर गुण पडले नाहीत. डिप्लोमा अर्धवट टाकून तो एका गॅरेजात शिरला आणि पंचवीस वर्षे बुलडोझर, ग्रेडर, डंपर, लोडर अशा अजस्र जनावरांची नाडी बघत हिंडतो आहे. दिवाळीच्या फराळाला येतो तेव्हा त्याच्या नखांतले वंगण पाहून मी ताट जरा अलीकडे ओढून घेतो, हे लिहायला आज लाज वाटते. पण खरे ते खरे. त्या रात्री मी त्यालाच फोन केला.

“अरे, एका लोडरचा गिअरबॉक्स नीट चालत नाही. जरा बघशील का?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, “दाजी, तुम्ही मराठीचे प्राध्यापक ना?”

“हो. का रे?”

“मग हे वाक्य कसलं? ‘नीट चालत नाही’ यातून मी काय समजायचं? घसरतो, दचकतो, उशिरा धरतो, तापतो, की हलतच नाही? हे पाच निराळे आजार आहेत. ऑपरेटर काय म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांगा. तुमच्या नको.”

मी मुकाट्याने त्या मुलीचे बोलणे जसेच्या तसे, ‘वढ न्हाई’सकट, म्हणून दाखवले. ‘डाव्या पायाचा ब्रेक’ असे म्हणताच त्याने मला थांबवले. “परत सांगा.” मी परत सांगितले. तो म्हणाला, “उद्या सकाळी येतो. तोवर त्यांना कळवा, गिअरबॉक्स उघडू नका, आणि गाडी चालवूसुद्धा नका.”

वाचकहो, मराठीचे अध्यापन करता करता माझे केस पिकायला लागले. पण माणसाच्या तोंडची तीन नेमकी वाक्ये घेऊन त्यांचे एक गुळगुळीत, शुद्ध आणि निरुपयोगी वाक्य कसे करता येते, हे मला त्या रात्री प्रथम कळले.

सकाळी त्याच्या मागे स्कूटरवर बसून निघालो. वाटेत चहाला थांबलो तेव्हा त्याने मला त्या यंत्राचे व्याकरण समजावून दिले. ते मला समजले, तेव्हा आपल्यालाही समजेल.

साध्या ट्रकमध्ये गिअर बदलायचा म्हणजे डाव्या पायाने क्लच दाबायचा, हाताने दांडा सरकवायचा, मग क्लच सोडायचा. ट्रकला ते चालते. लोडर मात्र दिवसभरात शेकडो वेळा पुढे आणि मागे जातो. दर वेळी क्लच दाबायचा म्हटले तर चालवणाऱ्याचा पाय संध्याकाळपर्यंत कामातून जाईल. म्हणून या यंत्रांना ‘पॉवरशिफ्ट’ नावाची रचना असते. तिच्यात दातेरी चाके सदैव एकमेकांत अडकलेलीच असतात. सरकवायचे काही नाही. प्रत्येक गिअरसाठी चकत्यांची एक स्वतंत्र चवड असते. एक चकती खरखरीत, एक गुळगुळीत पोलादी, पुन्हा एक खरखरीत, अशी. पोळ्यांच्या चवडीत मधे मधे कागद घालून ठेवावा तशी. चवड सैल असली की चकत्या आपापल्या फिरतात, कुणाचे कुणाशी देणेघेणे नाही. पण मागून तेलाच्या दाबाने एक दट्ट्या त्या चवडीवर रेटला की सगळ्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात आणि एकजीव होऊन फिरू लागतात. हाच क्लच. ऑपरेटरने दांडी बोटभर हलवायची. कुठल्या चवडीकडे तेल सोडायचे ते आतला व्हॉल्व्ह ठरवतो.

“आणि दाजी,” मेहुणे म्हणाले, “एक चवड दिशेची आणि एक वेगाची. पुढे की मागे, हे एक ठरवते. पहिला, दुसरा की तिसरा, हे दुसरी. दोन्ही धरल्याशिवाय गाडी हलत नाही.”

“म्हणजे कर्ता आणि क्रियापद,” मी म्हणालो. त्याने ‘असेल’ अशा अर्थी मान हलवली.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे आणखी एक चीज असते, टॉर्क कन्व्हर्टर. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा बंद पंखाही फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल आणि पंख्यांऐवजी वाकड्या पात्यांची दोन चाके घेतली, की कल्पना पुरी झाली. त्या दोहोंच्या मधे तिसरे चाक असते. ते तेलाला अशी कलाटणी देते, की वेग कमी पण जोर अधिक मिळावा. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअराने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. समुद्रातली युक्ती पुढे डोंगर फोडायच्या कामी आली.

तात्पर्य, या साऱ्या संसाराचा जीव तेलात आहे. तेच जोर पोचवते, तेच चकत्या दाबते, तेच वंगण घालते आणि तेच उष्णता वाहून नेते. म्हणूनच यंत्र आजारी पडले की आजार कुठला हे ओळखायला त्याची लक्षणे वेगवेगळी ऐकावी लागतात. मेहुण्यांनी चहाच्या कपाच्या ओल्या कडेने टेबलावर वर्तुळे काढत ती मला सांगितली.

गाडी ‘घसरते’ म्हणजे इंजिनाचा आवाज चढतो, पण चाकाला जोर पोचत नाही. चकत्या धरत नाहीत. एक तर त्या झिजल्या, नाही तर दाब कमी पडला. ‘उशिरा धरते’ म्हणजे दांडी हलवल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग धरते. तिथे दट्ट्याच्या मागे तेल भरायला वेळ लागतो आहे. तेल कमी असेल, पंप तेलाबरोबर हवा ओढत असेल, सील गळत असेल, किंवा थंडीच्या सकाळी तेल घट्ट असेल. ‘दचकते’ म्हणजे हळुवार धरण्याऐवजी धाडकन धरते. तिथे दाब हळूहळू चढवणारा व्हॉल्व्ह अडकलेला असतो, किंवा इंजिनाची बसती रेसच जास्त ठेवलेली असते. ‘तापते’ याची कारणे तर अनेक. तेल कमी असले तरी तापते आणि जास्त झाले तरी तापते. कारण जास्तीचे तेल चाकांत घुसळून निघते आणि त्याला फेस येतो. तेल थंड करणारा कूलर चोंदला तरी तापते, आणि चकत्या घसरू लागल्या की तापतेच तापते.

“आणि मग,” तो म्हणाला, “विचारायचं, कुठल्या गिअरात? पुढे जाताना तिन्ही गिअरांत घसरते आणि मागे येताना ठणठणीत आहे, तर दुखणं पुढच्या दिशेच्या चवडीत. फक्त दुसऱ्या गिअरात घसरते, मग पुढे असो की मागे, तर दुखणं दुसऱ्याच्या चवडीत. आणि सगळीकडे घसरते, तर सगळ्या चवडी एकदम कशा जातील? सगळ्यांना मिळून जे लागतं ते बघायचं. तेल, जाळी, पंप, दाबाचा व्हॉल्व्ह, कन्व्हर्टर.”

मी थक्क झालो. कारण असेल तिथे कार्य असते, कारण नसेल तिथे कार्य नसते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी याला अन्वय-व्यतिरेक म्हटले आहे. आम्ही तो शब्द परीक्षेपुरता पाठ केला. पस्तीस गुण मिळवणारा हा गृहस्थ रोज त्यावर पोट भरतो.

क्रशरवर पोचलो. श्रावणसरींनी सगळ्या आवाराचा राखाडी चिखल केला होता. लोडर एका कडेला उभा होता आणि त्याच्या चाकाशी एक पन्नाशीचे गृहस्थ पायांवर बसले होते, घरातले कुणी इस्पितळात असावे तसे. तेच मुलीचे वडील. शेठ ऑफिसच्या पायरीवर उभे. “गिअरबॉक्स उतरवायला माणसं दुपारी येणार आहेत,” ते म्हणाले, “तोवर काय बघायचं ते बघा.”

मेहुण्यांनी पान्याची पेटी उघडलीच नाही. ते ऑपरेटरच्या शेजारी खाली बसले. “मामा, पहिल्यापासून सांगा. केव्हा सुरू झालं?”

त्यांनी सांगितले, तेच आणि त्याच शब्दांत. मधे शेठ म्हणाले, “अहो, त्याला काय कळतंय?” मेहुणे शांतपणे म्हणाले, “शेठ, दिवसाचे दहा तास हे तिच्या अंगावर बसतात. मी आत्ता आलोय.” मग त्यांनी विचारले, “पुढं घसरते की मागं?” “दोन्हीकडं.” “कुठल्या गिअरात?” “समद्या.” “कायम?” “न्हाई. डावा ब्रेक मारल्यावर. हादरे बसले की मग येती जाग्यावर.”

त्यानंतर ते उठले. सूप जमिनीला टेकवायला लावले, चाकांना दगड लावले, पुढे उभ्या असलेल्या दोन पोरांना बाजूला घालवले आणि मग इंजिन चालू केले. तेल गरम झाल्यावर, इंजिन मंद चालू ठेवून आणि दांडी न्यूट्रलला ठेवून त्यांनी तेलाची पट्टी बाहेर काढली. हेल्पर म्हणाला, “मी रोज सकाळी बघतो, फुल असतं.” “इंजिन बंद असताना बघतोस ना? तेव्हा कन्व्हर्टर आणि कूलरमधलं तेल खाली उतरलेलं असतं, म्हणून फुल दिसतं. हिचं तेल चालू इंजिनावर बघायचं.” पट्टीवर तेल खालच्या खुणेच्याही जरा खाली होते. रंग काळपट, वास जळका. याच वासावर वर्कशॉपने निकाल दिला होता.

मला वाटले, सापडले! तेल कमी होते, झाले. पण पहिल्या उत्तरावर खूश होणे हा विद्यार्थ्यांचा आणि प्राध्यापकांचा दोष आहे; मेहुण्यांचा नव्हे. त्यांनी तेल पुरे केले, गाडी थोडी पुढेमागे केली आणि डावा ब्रेक मारून पाहिला. घसरण तशीच.

मग त्यांनी तेलाचा फिल्टर काढला, करवतीने त्याचा डबा कापला आणि आतला कागद उलगडून उन्हात धरला. “हे तिचं रक्त तपासणं,” ते मला म्हणाले. “लोहचुंबकाला चिकटणारा पोलादी कीस निघाला तर दाते किंवा बेअरिंग गेलं. ॲल्युमिनियमची चांदी दिसली तर कन्व्हर्टर. पितळी चमक दिसली तर बुश. आणि ही तपकिरी-काळी भुकटी दिसते ना, हा चकत्यांचा खरखरीत थर.” धातू जवळजवळ नव्हता, भुकटी होती.

“बघा!” शेठ म्हणाले. “क्लच जळालाच आहे.”

“जळायला लागलाय, हे खरं,” मेहुणे म्हणाले. “वर्कशॉपवाला खोटं बोलला नाही. पण तो का जळाला, हे त्यानं विचारलं नाही. नव्या चकत्या घातल्या आणि कारण तसंच राहिलं, तर त्याही जळतील. मग पुढच्या ऑपरेटरचा पगार कापाल?”

शेठ गप्प झाले.

आता पेटी उघडली. दाब मोजायचे घड्याळ आणि रबरी नळ्या निघाल्या. इंजिनाला पूर्ण रेस देऊन ब्रेक दाबून धरायचा आणि इंजिन किती फेरे घेते ते पाहायचे, अशी एक प्रसिद्ध परीक्षा आहे. तिला स्टॉल टेस्ट म्हणतात. ती करा, असे कुणीसे सुचवले. मेहुणे म्हणाले, “घसरत्या गाडीला ती नको. तीस सेकंदांत उरलेल्या चकत्याही भाजतील. आधी दाब बघू.”

त्या यंत्राच्या पुस्तकात क्लचचा दाब १७ ते २० किलो लिहिला होता. मेकॅनिक मंडळी चौरस सेंटिमीटर वगैरे म्हणत नाहीत, नुसते ‘किलो’ म्हणतात. घड्याळ आधी पंपाच्या बाजूला लावले. काटा १८ वर. म्हणजे पंप चांगला, जाळी साफ, दाबाचा व्हॉल्व्ह ठीक. मग घड्याळ क्लचच्या बाजूला लावले. काटा १८ वरच. ऑपरेटर मामांचा चेहरा उतरला. डॉक्टरसमोर गेल्यावर दुखणे नेमके थांबते, तसे झाले. मेहुणे म्हणाले, “मामा, आता डावा ब्रेक मारा आणि सोडा.”

त्यांनी मारला. काटा शून्यावर. सोडला. काटा वर चढू लागला आणि ९ वर येऊन थांबला.

थांबला तो थांबलाच. पंपाकडे १८, क्लचकडे ९. गच्चीवरची टाकी भरलेली आहे आणि स्वयंपाकघरातल्या नळाला धार नाही, तर दोष टाकीचाही नाही आणि नळाचाही नाही. मधे कुठे तरी आहे. या लोडरला ब्रेकचे दोन पायटे असतात. उजवा नुसता ब्रेक लावतो. डावा ब्रेकही लावतो आणि त्याच वेळी एका व्हॉल्व्हच्या योगे दिशेच्या चवडींचे तेल तोडतो, म्हणजे ट्रकमध्ये खडी ओतताना गाडीचा रेटा थांबतो आणि इंजिनाचा सगळा जोर सूप उचलायला मिळतो. डावा पायटा सोडल्यावर तो व्हॉल्व्ह पुरता उघडायला हवा.

मेहुणे केबिनच्या पायरीवर चढले, आत वाकले आणि हेल्परला म्हणाले, “त्या डाव्या पायट्याखाली पाय घाल, आणि अंगठ्यानं वर उचल.”

पोराने उचलला. अर्धा बोट, त्याहून जास्त नाही. माझ्या डोळ्यांदेखत काटा ९ वरून सरसर निघाला आणि १८ वर जाऊन उभा राहिला.

कुणी काही बोलले नाही. मेहुण्यांनी पायट्याच्या बिजागरीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि सिमेंटच्या खपलीसारखा एक तुकडा बाहेर काढला. खडीची भुकटी आणि पावसाचे पाणी. दोन महिने थरावर थर बसून ते दगड झाले होते. त्यात पायटा परत आणणारी स्प्रिंग ढिली पडली होती. पायटा अर्धा बोट खालीच राहायचा. ब्रेक लागण्याइतका नाही, पण व्हॉल्व्ह अर्धवट मिटण्याइतका. अर्ध्या दाबावर चकत्या घसरायच्या, तापायच्या, जळायच्या. गाडीला हादरे बसले की पायटा आपोआप वर यायचा, की ‘आपसूक येतंय’. आणि पायटा वर आलेला असताना घड्याळ लावले, तर यंत्र निर्दोष! त्या मामांच्या तीन वाक्यांत हे सगळे होते. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

“मी पैल्याच दिवशी सांगितलं हुतं,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ऐकले जाणार नाही हे गृहीत धरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज असतो, तसा तो होता.

बिजागरी साफ झाली, नवी स्प्रिंग आली. तेल बदलले, फिल्टर नवा घातला, जाळी धुतली. गिअरबॉक्स उतरवला नाही. मात्र मेहुण्यांनी शेठना स्पष्ट सांगितले, “आठ दिवसांत चकत्यांचं काही आयुष्य गेलं आहे, ते परत येणार नाही. पन्नास तासांनी फिल्टर पुन्हा कापून बघा. भुकटी वाढली तर उघडावा लागेल. पहिल्या दिवशी ऐकलं असतं, तर फक्त एक स्प्रिंग लागली असती.” शेठनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी चहा मागवला आणि पहिला कप मामांच्या हातात दिला. पगार दुसऱ्या दिवशी निघाला. फॉर्म विलंब शुल्कासह भरला गेला. ती मुलगी अजून मागच्याच बाकावर बसते.

परतताना मी मेहुण्यांना विचारले, “हल्लीच्या यंत्रांना म्हणे संगणक असतो. पडद्यावर दोषाचा आकडा उमटतो. मग तुझं काय काम?”

तो म्हणाला, “आकडा येतो, आणि फार उपयोगी पडतो. कुठला दाब पडला, कुठल्या तारेत खंड आहे, ते तो सांगतो. पण बिजागरीत माती बसली, हे कुठल्या आकड्यात येणार? दाजी, आमच्या धंद्यात चार पायऱ्या आहेत. विचारा, बघा, मोजा, मग उघडा. लोक चौथीवर उडी मारतात, कारण पहिलीला पैसे पडत नाहीत. फुकटच्या गोष्टीवर कुणाचा विश्वास नसतो.”

स्कूटरच्या मागे बसून मी विचार करीत होतो. गेल्या वर्षी आईला डॉक्टरांकडे नेले तेव्हा ती घरी मला म्हणाली होती, ‘जिना चढले की छातीत भरून येतं, बसले की ओसरतं.’ डॉक्टरांनी विचारले, ‘काय होतंय?’ आणि तिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो होतो, ‘थोडं अस्वस्थ वाटतंय.’ नशिबाने डॉक्टर आमच्या मेहुण्यांच्या जातकुळीचे निघाले. त्यांनी मला खोलीबाहेर बसायला सांगितले. त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटते, आपण सुशिक्षित मंडळी दुसऱ्याच्या वतीने बोलायला फार उत्सुक असतो; आणि बोलताना त्याचे नेमके शब्द खाली ठेवून आपले सभ्य शब्द पुढे करतो. मग मोलकरणीचे दुखणे असो, मुलाचे शाळेतले रडगाणे असो, की लोडरचा गिअरबॉक्स असो.

यंदा आमच्याकडे फराळाला मेहुणे आले, तेव्हा मी ताट अलीकडे ओढले नाही. सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, हा मिक्सर नीट चालत नाही!” मी आणि मेहुणे एकदमच म्हणालो, “म्हणजे काय होतंय?”

थोडा वेळ आत शांतता होती. मग उत्तर आले, “आवाज करतो, पण खोबरं वाटत नाही. भांडं हातानं दाबून धरलं की वाटतो.”

मेहुणे माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, “ताईला पूर्ण गुण. आता मोटर उघडायला लावू नका, दाजी.”